रेड अलर्ट आलाय, आता काय करू? हवामानाच्या इशाऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या आणि गावाकडच्या अशा दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हवामानाचं काहीही आलं की लोक मला टॅग करतात. मी हवामान खात्यात नोकरीला नाही. गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे आणि रडारची चित्रं बघत बसायची खोड आहे, एवढंच माझं भांडवल. पण जून लागला की तेच ते प्रश्न येतात आणि दर वर्षी तीच ती उत्तरं टाइप करून बोटं दुखतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

इशारा बघायचा तर नेमका कुठे बघू?

भारतात हवामानाचा अधिकृत इशारा भारतीय हवामान विभाग देतो, म्हणजे आयएमडी. त्यांच्या संकेतस्थळावर जिल्हावार इशाऱ्यांचा नकाशा असतो. आपल्या जिल्ह्यावर बोट ठेवलं की पुढच्या पाच दिवसांचा रंग कळतो. त्यांचं ‘मौसम’ नावाचं अ‍ॅपही आहे. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा मुंबईचं प्रादेशिक केंद्र बघतं, विदर्भ नागपूरचं. गोवेकरांसाठी पणजीचं केंद्र आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘सचेत’. हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं पोर्टल आणि अ‍ॅप. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग, हैदराबादची समुद्रविषयक संस्था इन्कॉइस, राज्यांची आपत्ती प्राधिकरणं, अशा सगळ्यांचे इशारे इथे एकत्र येतात. फोनमध्ये एकच अ‍ॅप ठेवायचं असेल तर मी हे ठेवा म्हणेन.

(पुण्यातल्या लोकांसाठी: ‘सिमला ऑफिस’ चौक म्हणतो आपण, ते सिमला ऑफिस म्हणजे हेच हवामान खातं. १९२८ मध्ये त्यांचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच.)

यलो, ऑरेंज, रेड म्हणजे किती पाऊस?

रंगाला मिलिमीटर समजू नका, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पावसाचं मोजमाप वेगळं आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. आकड्यावरून अंदाज येत नसेल तर असं बघा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २०० मिलिमीटर पडला तर वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर एका दिवसात गच्चीवर रिकामे केल्यासारखे. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. पेपरात ‘काल’चा म्हणून छापलेला आकडा कधी कधी तुमच्या आठवणीशी जुळत नाही, त्याचं कारण हेच.

रंग ठरवताना दोन गोष्टी एकत्र धरतात: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर नुकसान किती. हिरवा म्हणजे काही करायला नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. गंमत म्हणजे खात्याच्या मूळ इंग्रजी शब्दांत ‘अलर्ट’ फक्त केशरीला आहे. पिवळ्याला ‘वॉच’ म्हणतात आणि लाल रंगाला ‘वॉर्निंग’. ‘यलो अलर्ट’ ही बातम्यांची देणगी. पण आता ते इतकं रुळलंय की मीही तसंच म्हणतो.

‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ याचा अर्थ काय लावायचा?

खातं इशाऱ्यांचं जे पत्रक काढतं, त्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे तुरळक ठिकाणी अतिमुसळधार असं लिहिलं असेल, तर जिल्ह्यातल्या चारपैकी तीन जणांनी संध्याकाळी “कुठाय पाऊस?” विचारणं हे त्या अंदाजातच बसतं. चौथा मात्र तेव्हा गुडघाभर पाण्यात असतो.

रेड अलर्ट होता, शाळा बंद ठेवल्या, आणि दिवसभर ऊन! खातं चुकलं ना?

कधी कधी चुकतं, आणि तेव्हा ते चुकलं म्हणायला मला संकोच नाही. पण चुकलं म्हणण्याआधी आपल्या खिडकीपलीकडे बघावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरातली ही दोन केंद्रं. त्या दिवशी कुलाब्यातल्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नेहमीचा पाऊस आहे.

आणि सुट्टीचं म्हणाल, तर ती हवामान खातं देत नाही. खातं इशारा देतं. शाळा बंद ठेवायच्या की नाही हे जिल्हाधिकारी किंवा महापालिका ठरवतात. त्यांच्या जागी बसून विचार करा. सकाळी साडेपाचला निर्णय घ्यायचाय. सुट्टी दिली आणि ऊन पडलं तर लोक हसतील, नाही दिली आणि बस पाण्यात अडकली तर? मी तरी हसणं पत्करेन.

पुणे जिल्ह्याला रेड असतो तेव्हा पुणे शहराला काय असतं?

पत्रक नीट वाचलं तर तिथेच दिलेलं असतं. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी ‘घाट परिसर’ असा वेगळा उल्लेख करतात. लाल रंग बऱ्याचदा त्या घाटापुरता असतो आणि शहराला त्याच दिवशी पिवळा किंवा केशरी. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि तीस-चाळीस किलोमीटर पूर्वेचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ ला एका दिवसात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. माणदेशात वर्षभरात तेवढा पडला तर लोक पेढे वाटतील.

वीकेंडला ताम्हिणी, माळशेज, भंडारदऱ्याला निघणाऱ्यांनी म्हणून शहराचा रंग बघून गाडी काढू नये. हे मी अनुभवाने सांगतोय. शहराचा पिवळा रंग बघून एकदा आम्ही चौघे घाटात गेलो आणि रस्त्यावर आलेल्या मातीच्या ढिगाऱ्यामागे पाच तास गाडीत बसून राहिलो. केशरी रंग पत्रकात होता. आमच्यापैकी कुणी ती ओळ वाचली नव्हती, मीसुद्धा नाही.

पाऊस तर फार नव्हता, मग पाणी घरात कसं आलं?

कारण पावसाचा इशारा आणि पुराचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२५ जुलै २०२४ चं पुणे आठवा. शिवाजीनगरला २४ तासांत साधारण ११४ मिलिमीटर झाला. वरच्या व्याख्येत बसवलं तर ‘मुसळधार’, ‘अतिमुसळधार’सुद्धा नाही. पण ताम्हिणीत ५५० मिलिमीटरच्या पुढे गेला, धरणांच्या पाणलोटात तुफान कोसळला, आणि खडकवासल्यातून मुठेत पस्तीस हजार क्युसेकच्या पुढे विसर्ग सुरू झाला. सिंहगड रोडच्या एकतानगरीतल्या लोकांना पहाटे पाण्याने उठवलं. त्या लोकांनी शहराचा पावसाचा अंदाज कितीही नीट वाचला असता तरी उपयोग नव्हता. त्यांना हवा होता विसर्गाचा आकडा.

म्हणून नदीकाठी राहात असाल तर आणखी दोन सवयी लावून घ्या. एक, वरच्या धरणाचा विसर्ग. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन तो जाहीर करतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दुसरी, आपल्या पुलाची किंवा बंधाऱ्याची पातळी. कोल्हापूरकरांना हे शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी, हे तिथलं शाळकरी पोरही सांगतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पुण्यात आम्ही अजून “भिडे पूल पाण्याखाली गेला का?” यावरच भागवतो, तेही तसं वाईट मोजमाप नाही. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ नावाचं अ‍ॅपही आहे, मोठ्या नद्यांसाठी ते बघावं.

आमच्याकडे काल ढगफुटी झाली. इशारा का दिला नाही?

बहुधा ढगफुटी झाली नाही. खात्याच्या व्याख्येप्रमाणे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पडला तरच ती ढगफुटी. आपल्याकडे रस्त्यावर पाणी साचलं की चॅनेलवाले ढगफुटी म्हणतात. साचतं ते बऱ्याचदा तुंबलेल्या गटारामुळे.

खरी ढगफुटी असली तरी ‘उद्या दुपारी चार वाजता अमुक गावात’ असं आदल्या दिवशी सांगणं आजच्या घडीला जमत नाही. अंदाजाचं गणित करणारं संगणकी मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून दर चौकोनाचं एक उत्तर काढतं, आणि इतका लहान टापू त्या चौकटीतून निसटतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम, म्हणजे असंच एक मॉडेल, २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. आधीच्यापेक्षा हे बरंच बारीक आहे, पण उभ्या-आडव्या सहा किलोमीटरात डोंगर, दरी आणि तीन वाड्या मावतात.

जाता जाता: ‘अतिवृष्टी’ या शब्दाचाही असाच गोंधळ आहे. महसूल खात्याच्या हिशेबात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि पंचनामे त्यावर होतात. हवामान खात्याच्या भाषेत तो नुसता मुसळधार.

मग वळवाचा पाऊस, वादळी वारं, गारा यांची खबर कधी मिळते?

पुढच्या तीन तासांपुरता ‘नाऊकास्ट’ असतो, तो बघायचा. ढग रडारवर दिसायला लागल्यावर जिल्ह्यांची नावं घेऊन तो देतात: मेघगर्जना, वीज, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे, वगैरे. वेळ फार कमी असतो. गच्चीवरचे कपडे, मांडव, उघड्यावरचा कांदा आणि फ्लेक्सखाली लावलेली गाडी हलवण्यापुरता. शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, त्यात १७ जण गेले.

रडारचं चित्र स्वतः बघायला शिका, अवघड नाही. मुंबईत कुलाब्याला आणि वेरावलीला डॉप्लर रडार आहेत. चित्रात निळा-हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा-लाल म्हणजे जोराचा. एकच चित्र बघून काही कळत नाही. दहा-वीस मिनिटांच्या अंतराची दोन-तीन चित्रं बघा, म्हणजे तो लाल ठिपका तुमच्याकडे सरकतोय की लांब जातोय ते दिसेल.

विजेसाठी काय आहे?

‘दामिनी’. हेही पुण्याच्या आयआयटीएमचं. देशभर बसवलेल्या सेन्सरांवरून वीज कुठे पडतेय ते ओळखतं आणि तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात धोका आहे का ते दाखवतं. मराठवाडा, विदर्भात रानात काम करणाऱ्या प्रत्येक घरात किमान एका फोनमध्ये ते असावं. त्यासाठी लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाहीतर ते मुकं.

रेंज नसेल तर कान वापरा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर आडोशाला जायची वेळ झाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. आणि आडोसा म्हणजे पक्कं घर किंवा बंद गाडी. एकटं उभं असलेलं चिंचेचं, आंब्याचं झाड नाही. पाऊस चुकवायला झाडाखाली उभं राहणं आपल्या इतकं अंगात भिनलंय की हे दर वर्षी सांगावं लागतं.

फोनमधल्या हवामान अ‍ॅपवर, विंडीवर वेगळंच दाखवतात. विश्वास कुणावर ठेवू?

फोनमधलं अ‍ॅप साधारणपणे एखाद्या मॉडेलचं उत्तर जसंच्या तसं चित्रात दाखवतं. ‘विंडी’त तर तुम्ही स्वतः मॉडेल निवडू शकता; युरोपचं निवडलं तर एक उत्तर, अमेरिकेचं निवडलं तर दुसरं. ते मी रोज बघतो, वारा आणि ढगांची दिशा समजायला झकास आहे. पण इशारा देताना पणजी, मुंबई किंवा नागपूरला बसलेला माणूस तीन-चार मॉडेलं, उपग्रह, रडार आणि त्या भागाचा अनुभव एकत्र करून सही करतो. ‘दुपारी ३ वाजता ७० टक्के’ या आकड्यामागे तसा माणूस नसतो. सहल ठरवायला अ‍ॅप चालेल. घर सोडायचं की नाही हे त्यावर ठरवू नका.

मध्येच फोन सायरनसारखा किंचाळला. हॅक झाला का?

नाही. ते सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या आणि माझ्या मामेबहिणीने घाबरून फोन बंदच करून ठेवला होता. यात तुमचा नंबर कुणाकडे नसतो. ठरावीक टॉवरांच्या टप्प्यात जेवढे फोन असतील त्या सगळ्यांवर एकदम संदेश जातो, इंटरनेट नसलं तरी. सेटिंगमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधा आणि चालू आहे ना बघा. चाचणीच्या आवाजाने वैतागून बऱ्याच जणांनी ते बंद केलंय.

दरड कोसळण्याचा इशारा मिळतो का?

अमुक वाडीवर अमुक वाजता, असा नाही. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३ ची रात्र), तिन्ही वेळा आधी सलग जोराचा पाऊस झाला होता. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. त्यामुळे “आमचं गाव यादीत नाही” हा दिलासा समजू नका. घाटाला लाल रंग आणि दोन दिवस न थांबलेला पाऊस हे दोन्ही जुळलं, आणि उतारावर नव्या भेगा, तिरके झालेले खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, असं काही दिसलं, तर रात्र शाळेत किंवा पाहुण्यांकडे काढा. राज्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७०, जिल्ह्याचा १०७७, मुंबईत महापालिकेचा १९१६.

‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय? आम्ही तारकर्लीला चाललोय.

बंदरावर लावायची ही जुनी खूण, अ‍ॅपच्या कितीतरी आधीची. एकूण अकरा बावटे आहेत. पहिले दोन लांब समुद्रातल्या गडबडीचे, तिसरा म्हणजे खुद्द बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका. तीन नंबर लागला की तारकर्लीत बोट आणि स्कूबा विसरा, मालवणी खा आणि गप बसा. मच्छीमार तर ऐकतातच, पंचाईत होते ती पर्यटकांचीच.

लाटांसाठी इन्कॉइसचा इशारा वेगळा बघा. स्वच्छ ऊन, वारा नाही, आणि तरी किनाऱ्यावर लाटा अंगावर येतायत असं होऊ शकतं, कारण त्या लाटा हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून निघालेल्या असतात.

चक्रीवादळाचे इशारे मात्र भरपूर आधी येतात: पहिली सूचना ७२ तास, मग ४८, मग २४. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोचला की वादळाला नाव मिळतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते येणार हे आधीच्या दिवसांत माहीत होतं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र झोपल्या, त्याला इशारा काय करणार. त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि फोन मेले होते. म्हणून वादळाआधी पॉवर बँक भरा आणि एक सेलवर चालणारा रेडिओ काढून ठेवा. अ‍ॅपबद्दल इतकं लिहून मी रेडिओ सांगतोय, कारण वादळ गेल्यावर तोच चालतो.

शेतकऱ्यासाठी वेगळं काही?

‘मेघदूत’ अ‍ॅप, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला. फवारणी करावी की थांबावं, काढलेलं पीक झाकावं का, असं त्यात पिकावार असतं. गारपिटीपुढे मात्र सल्ला तोकडा पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी द्राक्षबागेत उभं राहून पाहिलीय त्यांना हे सांगायला नको.

ठाण्यात ३८ अंशांना उष्णतेची लाट आणि चंद्रपुरात ४२ ला नाही, हे कसं?

किनारपट्टीला ३७ आणि सपाट प्रदेशाला ४० हा उंबरठा आहे, आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवं. चंद्रपूरला मे महिन्यात ४२ हे रोजचंच.

“नासाने इशारा दिलाय, पुढचे ७२ तास…” असा मेसेज आलाय.

डिलीट करा. खरा इशारा ओळखायला तीन गोष्टी बघा: कुणी दिला, किती वाजता दिला, कधीपर्यंत लागू आहे. फॉरवर्डमध्ये पहिलं खोटं असतं आणि उरलेली दोन नसतातच. खरं पत्रकसुद्धा शिळं झालं की खोट्याइतकंच घातक. मागच्या वर्षीचा लाल नकाशा तारीख कापून फिरताना मी दोनदा पाहिलाय, त्यातला एकदा माझ्याच काकांनी पाठवलेला.

मी न्यू जर्सीत आहे, आईबाबा चिपळूणला. मला इकडे इशारा कसा कळेल?

सेल ब्रॉडकास्ट तुमच्या फोनवर येणार नाही, तो तिथल्या टॉवरचा. संकेतस्थळावर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा उघडून ठेवा. मुख्य पत्रक आपल्याकडच्या दुपारी निघतं, तेव्हा तुमच्याकडे पहाट असते. म्हणजे उठल्या उठल्या ताजा इशारा तुमच्या हातात, आणि आईबाबांची रात्र अजून व्हायचीय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हाही अंधारातच चढायला लागलं होतं. फोन करा, आणि “काळजी घ्या” म्हणू नका. गाडी वर नेऊन लावली का, कागदपत्रं आणि गोळ्या माळ्यावर ठेवल्या का, शेजारच्या दुमजली घराची किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारा.